रोग्याचें समाधान

‘समाधान’ या शब्दाचा मराठींतील संसार मोठा आहे. अमका मनुष्य दोन वेळच्या भाकरीवर समाधानी आहे असें आपण म्हणतों, तेव्हां जें मिळालें तें पुष्कळ झालें, अधिक मागण्याची सोय नाहीं, असा भाव त्या शब्दांत असतो. विद्यार्थ्यानें शंका विचारली व गुरूनें तिचें समाधान केलें, असें म्हणतों तेव्हां त्याच शब्दाचा अर्थ ‘उत्तर’ असा होतो. आणि सावकाराचें किंवा फिर्यादीचें समाधान करावयाचें असतें तेव्हां त्याचा कांहीं हक्क आहे व तो पुरा झाल्याशिवाय स्वारी दारांतून हलणार नाहीं, हें गृहीत धरलेलें असतें. शब्द एकच, पण पहिल्या अर्थीं मनुष्य गप्प बसतो, दुसऱ्या अर्थीं विचारतो आणि तिसऱ्या अर्थीं मागतो.

हल्लीं सरकारी व खाजगी रुग्णालयांतून रोग्यांच्या समाधानाची मोजणी होऊं लागली आहे. एच्. आय्. व्ही.च्या रोग्यांविषयीं तर ही मोजणी जगभर चालते, आणि समाधानी रोग्यांवर औषधाचा गुण अधिक येतो कीं काय, हा प्रश्न तज्ज्ञ मंडळी मोठ्या गंभीरपणें चर्चितात. प्रश्न वाटतो तितका पुस्तकी नाहीं. या रोगाचें औषध विषाणूचा नाश करीत नाहीं. तें त्याला दाबून ठेवतें. औषध थांबलें कीं विषाणू पुन्हा डोकें वर काढतो, आणि मधूनमधून थांबलें तर तो त्या औषधाला दाद न देण्याची विद्या शिकतो. म्हणून गोळी रोज, शक्य तों एकाच वेळीं आणि जन्मभर घ्यावी लागते. गळू कापावयाचें असतें तेव्हां रोग्याचें मन प्रसन्न असो कीं नसो, शस्त्रवैद्याची सुरी आपलें काम करते. येथें औषध देणारा हात रोग्याचा स्वतःचा आहे, आणि तो हात डॉक्टरांच्या नजरेबाहेर, घरांत, शेतांत, परगांवीं असतो. अशा रोगांत रोग्याचें मन हा उपचाराचाच एक भाग होऊन बसतो. पण वहींत ‘समाधानी’ असा शेरा पडतो, तेव्हां वरील तिहींपैकीं कोणतें समाधान अभिप्रेत असतें? याचें उत्तर कोष्टकांत सांपडणें कठीण. तें इतिहासांत शोधावें लागतें.

रोग्याला न विचारतां उपचार केला म्हणजे काय होतें, याचा धडा महाराष्ट्रानें प्लेगच्या सालांत घेतला होता. १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनीं प्लेग ओळखला. लगेच रोग्यांना उचलून ऑर्थर रोडच्या रुग्णालयांत नेण्याचें सत्र सुरू झालें. तेथें गेलेला मनुष्य परत येत नाहीं अशी लोकांची समजूत झाली, आणि मरणारांचें प्रमाण पाहतां ती अगदींच निराधार होती असें नाहीं. २९ ऑक्टोबर १८९६ रोजीं गिरणीकामगारांच्या मोठ्या जमावानें त्या रुग्णालयावरच हल्ला केला. पुण्यांत पुढच्या वर्षीं रँडसाहेबाच्या हाताखालीं गोरे सोल्जर घरोघर शिरले, आणि २२ जूनच्या रात्रीं काय झालें तें शाळकरी मुलांनाहि ठाऊक आहे. त्या प्रकरणाची राजकीय बाजू इतक्या वेळां सांगितली गेली आहे कीं तिची वैद्यकीय बाजू झाकून गेली. लोक रोगी लपवीत होते. कोठींत, माळ्यावर, परड्यांत. रोग लपला म्हणजे पसरतो, हें सरकारला कळत होतें. पण तो आपल्याच भीतीनें लपत आहे, हें उमजण्यास त्याला वेळ लागला.

त्याच काळांत दुसरीहि एक गोष्ट घडत होती. टिळकांच्या खटपटीनें पुण्यांत हिंदू प्लेग रुग्णालय निघालें; मुंबईंत निरनिराळ्या जमातींनीं आपापलीं रुग्णालयें उघडलीं; हडपसरजवळ यशवंतराव फुले यांच्या दवाखान्यांत सावित्रीबाई रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या व त्याच रोगानें १० मार्च १८९७ रोजीं त्यांचा अंत झाला. औषधांत फरक नव्हता. खरें पाहतां प्लेगवर तेव्हां औषधच नव्हतें. फरक इतकाच कीं या ठिकाणीं माणसें आपल्या पायांनीं येत. मृत्यूची शक्यता तीच, परंतु तो आपल्या माणसांत येईल एवढी खात्री असे. सरकारी मार्गापेक्षां हा मार्ग अधिक उपयोगी पडला असें म्हणण्यास हरकत नाहीं.

नव्वद वर्षांनीं ही सारी शिकवण जणूं पुसून गेली होती. १९८६ सालीं मद्रासच्या डॉ. सुनीती सॉलोमन व त्यांची विद्यार्थिनी सेलप्पन निर्मला यांनीं रक्ताचे नमुने जमवून ते वेल्लोरला तपासून घेतले आणि हा विषाणू हिंदुस्थानांत आला असल्याचें प्रथम सिद्ध केलें. या सुनीतीबाई माहेरच्या गायतोंडे. मद्रासेंत चामड्याचा व्यापार करणाऱ्या मराठी घराण्यांतल्या. पुढें १९९३ सालीं त्यांनीं वडिलांच्या नांवानें वाय्. आर्. गायतोंडे केंद्र काढलें व जेथें इतर डॉक्टर रोग्याला शिवत नव्हते, तेथें त्यांना जवळ बसवून घेतलें. त्यांचें निधन २०१५ सालीं झालें. मराठी मासिकांतून त्यांच्याविषयीं जितकें यावयास हवें होतें तितकें आलेलें नाहीं, एवढें येथें नमूद करून पुढें जातों.

१९८६ नंतरचीं पहिलीं वर्षें भीतीचीं होतीं. गोव्यानें आपल्या आरोग्यविषयक कायद्यांत १९८७ सालीं दुरुस्ती करून रोग्यास अलग ठेवण्याचा अधिकार घेतला. १४ फेब्रुवारी १८८९ असा दिनांक असता तर नवल वाटलें नसतें. पण तो दिवस होता १४ फेब्रुवारी १९८९ चा. त्या दिवशीं बारदेशांतील पर्रें गांवच्या डॉमिनिक डिसूझा या तरुणास पोलिसांनीं बोलावून नेलें. त्याचा गुन्हा असा कीं त्यानें रक्तदान केलें होतें व त्या रक्तांत विषाणू सांपडला होता. त्याला काय झालें आहे हें त्याला धड कोणी सांगितलें नाहीं. क्षयरोग्यांसाठीं बांधलेल्या एका जुन्या इमारतींत त्याला चौसष्ट दिवस पहाऱ्यांत ठेवलें. त्याची आई ल्यूसी डिसूझा हिनें मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी पीठाकडे दाद मागितली. आनंद ग्रोव्हर यांनीं तिची बाजू मांडली. डॉमिनिक सुटला, पण न्यायालयानें कायदा रद्द केला नाहीं. व्यक्तीच्या हक्कापुढें सार्वजनिक हिताचें पारडें जड ठरविलें.

या खटल्यांत वाचकांनीं एक गोष्ट पाहावी. सरकारनें ज्याला रोगी म्हणून धरलें त्याच्यावर कसलाहि उपचार केला नाहीं. करावयास तेव्हां येथें कांहीं नव्हतेंहि. म्हणजे ज्यांत औषध नाहीं, उत्तर नाहीं, फक्त कुलूप आहे, असा तो वैद्यकीय विभाग होता. याचा परिणाम एकट्या डॉमिनिकवर झाला नाहीं. रक्त दिलें तर पोलीस येतात, हें एकदां लोकांच्या कानीं गेल्यावर तपासणीला आपण होऊन कोण जाईल? डॉमिनिकनें पुढें इझाबेल द सांता रीता व्हाझ यांच्यासह रोग्यांची ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था काढली व १९९२ च्या मे महिन्यांत तो वारला. गोव्यांतील त्या संस्थेनें पुढें लोकांना समजावण्याचें जें काम केलें, तें कुलुपानें कधींहि झालें नसतें. त्यानंतर आठ वर्षांच्या आंतच त्याच उच्च न्यायालयानें निराळी वाट धरली. १९९७ सालीं नोकरी नाकारलेल्या एका मजुराच्या खटल्यांत, काम करण्यास समर्थ असलेल्या मनुष्यास केवळ या विषाणूमुळें दूर करतां येणार नाहीं, असा निकाल झाला. आणि त्या मजुरास आपलें खरें नांव झांकून ‘एम्. एक्स्.’ या नांवानें न्याय मागूं दिला, ही गोष्ट माझ्या मतें निकालाइतकीच मोलाची आहे. आपल्याकडे न्याय मागणारास प्रथम आपली अब्रू चव्हाट्यावर आणावी लागते. येथें तसें करावें लागलें नाहीं.

आतां औषधाकडे वळूं. १९९६ सालीं तीन औषधें एकत्र दिलीं असतां रोगी मरणाच्या दारांतून परत येतात, हें पाश्चात्य देशांत दिसून आलें. पण त्यांची किंमत एका रोग्यामागें वर्षाला दहा ते पंधरा हजार डॉलर होती. म्हणजे औषध निघालें तें आपल्यासाठीं नव्हे. येथें मुंबईच्या एका जुन्या कारखान्याचें काम आडवें आलें. ख्वाजा अब्दुल हमीद यांनीं १९३५ सालीं स्थापलेल्या सिप्ला कंपनीचे त्या वेळचे प्रमुख त्यांचेच चिरंजीव युसुफ हमीद होते. १९७० च्या आपल्या पेटंट कायद्यानें औषधाच्या पदार्थाला पेटंट न देतां फक्त तो तयार करण्याच्या रीतीला दिलें होतें; त्या मोकळिकीचा उपयोग करून त्यांनीं तिन्ही औषधें एका गोळींत बसविलीं आणि २००१ च्या फेब्रुवारींत परोपकारी वैद्यकीय संस्थेला वर्षाला ३५० डॉलर, म्हणजे दिवसाला एका डॉलरहून कमी, या भावानें तीं देऊं केलीं. सगळें जग चकित झालें. ‘सरकारचें कायदेशास्त्र कोरडें असतें’ असें म्हणणाऱ्यांनीं त्या पेटंट कायद्याचा हा एक परिणाम अवश्य लक्षांत ठेवावा.

तरीहि आपल्या गरिबांपर्यंत तें औषध पोहोंचावयास आणखी तीन वर्षें लागलीं. १ एप्रिल २००४ रोजीं देशांतील आठ सरकारी रुग्णालयांतून तें फुकट देण्यास आरंभ झाला. त्यांत मुंबईचें जे. जे. रुग्णालय एक होतें. आरंभीं रक्तांतील सीडी-फोर पेशी दोनशेंच्या खालीं गेल्याखेरीज गोळी मिळत नसे. म्हणजे मनुष्य पुरता खंगल्यावर त्याचा नंबर लागे. ही मर्यादा हळूहळू वाढवीत नेली आणि २०१७ सालीं, विषाणू सांपडला कीं लगेच औषध, असा नियम झाला. महाराष्ट्रांत या विषाणूसह जगणारे लोक चार लाखांच्या आसपास आहेत. एवढी संख्या दुसऱ्या कोणत्याहि राज्यांत नाहीं. देशाची संख्या पंचवीस लाखांच्या घरांत आहे.

फुकट औषध मिळूं लागलें, मरणारीं माणसें उठून बसलीं, तेव्हां समाधान न वाटणारा रोगी कोण असणार? पण याच पहिल्या औषधांत स्टॅव्ह्युडीन नांवाचा एक घटक होता, आणि त्याची हकीकत थोडी विस्तारानें सांगण्यासारखी आहे. त्याचा गुण चांगला येई, तो स्वस्त होता, आणि डॉक्टरांच्या कागदावर पेशींचा आंकडा वाढत असे. रोग्याच्या बाजूनें मात्र निराळेंच चाले. कांहीं महिन्यांनीं तळपायांची आग होई, मुंग्या येत. आणि पुढें गालांतील, हातापायांतील चरबी झडून जाई. गाल बसत, कानशिलें खोल जात, हातांवरच्या शिरा दोऱ्यांसारख्या वर येत. प्रकृति सुधारलेली, आणि चेहरा मात्र रोग्याचा! हें औषध चालूं असलेल्या माणसाचा चेहरा गांवांतील जाणत्या डोळ्यांना ओळखूं येई. ज्या रोगांत गुपित हेंच अर्धें संरक्षण आहे, त्याचें गुपित औषधानेंच फोडावें, याला काय म्हणावें?

रोग्यांनीं हें सांगितलें नाहीं असें नव्हे. ते सांगत होते. पण आंकडा चढत असतां गालांची तक्रार ही सौंदर्याची तक्रार ठरे. १९७० च्या दशकांतील कुष्ठरोगाच्या इतिहासाशीं हें ताडून पाहण्यासारखें आहे. तेथेंहि जंतूंचा आंकडा डॉक्टरांना दिसे आणि वाकडी बोटें रोग्याला दिसत. जागतिक आरोग्य संघटनेनें २००९ च्या अखेरीस स्टॅव्ह्युडीन हळूहळू बंद करण्याचा सल्ला दिला, व आपल्याकडेहि त्याच्या जागीं टेनोफोव्हिर आलें. श्रीमंत देशांनीं तें आधींच टाकून दिलें होतें. त्या मधल्या वर्षांत जगलेल्यांना कोणी विचारलें असतें, ‘तुम्ही समाधानी आहां काय?’ तर बहुतेकांनीं होय म्हटलें असतें. मृत्यूच्या तोंडांतून आणणाऱ्याला नाहीं कोण म्हणेल? तें पहिल्या अर्थाचें समाधान. आणि तें वहींत चढलें असतें तर चूक सुधारण्यास आणखी वेळ लागला असता.

आता प्रस्तुत लेखकाच्या प्रांताकडे. कडा हें गांव बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यांत, अगदीं पश्चिम टोंकाला, नगरहून जामखेडमार्गें बीडला जाणाऱ्या रस्त्यावर आहे. १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या राज्यांत होता; नगर हें पलीकडचें, इंग्रजी अमलाचें शहर. राज्य बदललें तरी पाय बदलले नाहींत. कड्याच्या माणसाला नगर, म्हणजे आतांचें अहिल्यानगर, जवळ. आपलें जिल्ह्याचें ठिकाण बीड दूर. आणि जिल्ह्यांतील वैद्यकीय महाविद्यालय तर अंबाजोगाईला, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोंकाला. या विषाणूचें औषध देणारीं केंद्रें अशा मोठ्या रुग्णालयांतून आहेत. वाटेंतील जामखेड येथें रजनीकांत व मेबल आरोळे या दांपत्यानें १९७० पासून खेड्यांतील, बहुतेक निरक्षर, स्त्रियांच्याच हातीं गांवाचें आरोग्य सोंपवून दाखविलें आणि १९७९ सालीं मॅगसेसे पारितोषिक मिळविलें. म्हणजे रोग्याला विचारण्याची परंपरा या भागाला अगदींच परकी नाहीं. बीडजवळ पाली येथें दत्ता व संध्या बारगजे यांनीं या विषाणूसह जन्मलेल्या मुलांसाठीं घर चालविलें आहे.

पण या तालुक्याचें खरें वेळापत्रक रुग्णालयाचें नसून साखरेचें आहे. दसरादिवाळी झाली कीं आष्टी, पाटोदा, शिरूर या भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. सांगली, कोल्हापूर, सोलापूर, पार कर्नाटकापर्यंत. मुकादमाकडून घेतलेली उचल नवराबायकोच्या जोडीनें फेडावयाची असते. त्या जोडीलाच ‘कोयता’ म्हणतात. माणसांना हत्याराचें नांव देणारी ही भाषा कोणा पंडितानें घडविलेली नाहीं, ती त्या धंद्यानेंच घडविली. कामावर एक दिवस गैरहजर राहिलें तर ‘खाडा’ पडतो व त्याचे पैसे उचलींतून कापले जातात. गुढीपाडव्याच्या सुमारास पट्टा पडतो आणि टोळ्या घरीं येतात. आता या जोडींतल्या एकाला रोज गोळी घ्यावयाची आहे आणि दर महिन्याला ती केंद्रावर जाऊन आणावयाची आहे, असें समजा. गांवाकडच्या केंद्रावर यावें तर दोन खाडे. जवळच्या नव्या केंद्रावर जावें तर नवे कागद, नवी ओळख, नवा प्रश्न: ‘कोठें निघालास?’ असें मुकादमानें विचारलें तर काय सांगावें?

शिवाय गोळीहि त्या वेळापत्रकाशीं भांडे. टेनोफोव्हिरच्या जोडीला पुष्कळ वर्षें एफाव्हिरेन्झ नांवाचें औषध होतें. तें रात्रीं निजतांना घ्यावयाचें. त्यानें घेरी येई आणि विलक्षण स्वप्नें पडत. शहरांतील नोकरदाराला तें सोसण्यासारखें. ज्याला पहांटेच्या अंधारांत कोयता घेऊन उभें राहावयाचें आहे त्याला घेरी म्हणजे बोट तुटण्याची भीति. तो गोळी टाळतो. आणि टाळली तर केंद्रावर सांगत नाहीं, कारण तेथें ऐकून घ्यावें लागतें. वहींत त्याचें नांव ‘नियमित’. डोल्युटेग्राव्हिर हें नवें औषध २०२० नंतर आपल्याकडे सर्वत्र आलें व ही घेरीची तक्रार मागें पडली. २०२० च्या टाळेबंदींत, रस्ते बंद असल्यामुळें, एकदम अनेक महिन्यांच्या गोळ्या देण्यास आणि त्या घरपोंच करण्यास परवानगी मिळाली. ऊसतोड्यांना जें वर्षानुवर्षें हवें होतें तें महामारीच्या कृपेनें मिळालें. चमत्कारिक खरें, पण सरकारी सोयींचा इतिहास पुष्कळदां असाच असतो.

आतां मोजणीविषयीं दोन शब्द. अमेरिकेंत डोनाबेडियन नांवाच्या विद्वानानें १९६६ सालीं वैद्यकाची परीक्षा तीन ठिकाणीं करावी असें सुचविलें: साधनें काय आहेत, वागणूक कशी आहे, आणि शेवटीं गुण किती आला. रोग्याचें समाधान ही तिसऱ्या सदरांतील वस्तु, असें त्याचें म्हणणें होतें. विचार उत्तम. परंतु तो आमच्या रुग्णालयांत आला म्हणजे असें होतें: विचारणारा मनुष्य रुग्णालयाचा किंवा त्याचा ओळखीचा, विचारण्याची जागा रांगेच्या टोंकाशीं, खिडकीजवळ, उत्तर देणाराला पुढच्या महिन्यांत त्याच खिडकीशीं यावयाचें आहे. अशा स्थितींत ‘सगळें चांगलें आहे’ यावांचून दुसरें उत्तर देणारा मनुष्य धाडसी म्हटला पाहिजे. दुसरें असें कीं रांगेंत जे उभे आहेत त्यांनाच विचारलें जातें. जे यावयाचे थांबले त्यांचीं नांवें वेगळ्या यादींत जातात. कर्मचारी तिला इंग्रजी आद्याक्षरांनीं ‘एल्. एफ्. यू.’ म्हणतात. हरवलेल्यांची यादी. असमाधानाचा खरा दस्तऐवज हीच यादी होय, आणि समाधानाच्या कोष्टकांत ती येत नाहीं. रक्तांतील विषाणूंची गणना २०१८ पासून सरकारी केंद्रांतून फुकट होऊं लागली. हजाराच्या खालीं आंकडा आला म्हणजे औषध लागूं पडलें. हा आंकडा रोग्याच्या भिडेला बळी पडत नाहीं. त्याच्या शेजारीं जर रोग्याचें बोलणें, आणि तें परक्या माणसानें रुग्णालयाबाहेर विचारून लिहून घेतलेलें, ठेवलें तर दोहोंचा अर्थ लागेल.

या सगळ्यांत दुसऱ्या अर्थाचें समाधान, म्हणजे शंकेचें उत्तर, मला सर्वांत उपयोगी वाटतें. केंद्रांतून समुपदेशक नेमलेले असतात. त्यांचें काम मुळांत शंकासमाधानाचें. गोळी चुकली तर दोन घ्याव्या काय? लग्न करावें काय? मूल होईल तें निरोगी होईल काय? या प्रश्नांना ठाम उत्तरें देतां येतात, हें १९८९ सालीं शक्य नव्हतें. २०११ सालीं नऊ देशांतील १,७६३ जोडप्यांवर केलेल्या एका मोठ्या अभ्यासानें असें दाखविलें कीं, औषध लवकर सुरू केल्यास जोडीदाराला लागण होण्याचा धोका ९६ टक्क्यांनीं कमी होतो. त्यांतील कांहीं जोडपीं पुण्याच्या, त्या वेळच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेंत व मद्रासच्या गायतोंडे केंद्रांत आलेलीं होतीं. म्हणजे हें उत्तर आपल्याच माणसांनीं जगाला मिळवून दिलेलें आहे. तें खेड्यांतल्या नवऱ्याबायकोला त्यांच्या भाषेंत, दार लोटून, दहा मिनिटें बसवून सांगणारा कोणी भेटला, तर मनुष्य गोळी सोडीत नाहीं. ज्या रांगेंत पन्नास माणसें आहेत तेथें दहा मिनिटें कोठून आणावयाचीं, हा प्रश्न निराळा. पण तो पैशाचा प्रश्न आहे, शास्त्राचा नव्हे.

सांगलीकडे हीच गोष्ट आणखी एका रीतीनें सिद्ध झाली. तेथें मीना शेषू यांच्या ‘संग्राम’ संस्थेनें १९९२ पासून वेश्यावस्तींतील स्त्रियांमध्यें काम आरंभिलें, आणि १९९६ सालीं त्या स्त्रियांची स्वतःची ‘व्हॅम्प’ ही संघटना उभी राहिली. ज्यांना समाजानें रोगाचें उगमस्थान ठरविलें होतें, त्याच एकमेकींना प्रतिबंधाचीं साधनें वाटूं लागल्या, एकमेकींबरोबर रुग्णालयांत जाऊं लागल्या. रुग्णालयांत एकटी बाई गेली तर तिला हटकलें जातें. चौघी गेल्या तर बसावयास सांगतात. एवढी साधी युक्ति, पण ती अनुभवांतून निघाली.

तिसऱ्या अर्थाकडे यावयास देशाला तीस वर्षें लागलीं. २०१७ सालीं एच्. आय्. व्ही. व एड्सविषयक कायदा मंजूर झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून अमलांत आला. संमतीवांचून तपासणी नाहीं. तपासणीचें गुपित फोडतां येणार नाहीं. नोकरी, शाळा, उपचार यांत भेद करतां येणार नाहीं. आणि तक्रार ऐकण्यास प्रत्येक राज्यांत एक लोकपाल असावा. डॉमिनिकच्या प्रकरणानंतर हें सारें कागदावर यावयास तीन दशकें गेलीं. औषध पुरविण्याच्या कलमांत मात्र सरकारनें ‘शक्य असेल तेथवर’ अशा अर्थाचे शब्द घातले, आणि रोग्यांच्या संघटनांनीं त्या शब्दांवरच बोट ठेवलें. कायद्याच्या भाषेंत असे शब्द म्हणजे भिंतींत ठेवलेली खिडकी. चोर तेथूनच येतो. विनंतीच्या सुरांतून मागणीच्या सुरांत रोगी कसे आले, हें त्या वादांत स्पष्ट ऐकूं येतें. तशी जाणीव ज्यांच्यांत आलेली नसते त्यांच्या अंगाशीं काय होऊं शकतें, याचें उदाहरण आमच्याच जिल्ह्यानें दिलें आहे: ऊसतोड स्त्रियांचीं गर्भाशयें काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ सालीं विधिमंडळांत निघाला व नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति बसली. त्या स्त्रियांना शस्त्रक्रियेपूर्वीं शंका विचारण्याची संवय कोणीं लावली होती?

२०२२ च्या जुलैंत दिल्लींत एक अपूर्व धरणें झालें. या विषाणूसह जगणारे लोक राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेच्या कचेरींत जाऊन बसले. आपलीं तोंडें न झांकतां, आपलीं नांवें सांगून. डोल्युटेग्राव्हिरचा तुटवडा पडला होता आणि कित्येक ठिकाणीं महिन्याच्या ऐवजीं थोड्या थोड्या दिवसांच्या गोळ्या हातीं पडत होत्या. सरकारचें म्हणणें असें कीं देशांत बहुतेक सर्वांना पुरेल इतका साठा आहे. धरणें बेचाळीस दिवस चाललें. या लोकांना कोणी समाधानाचा तक्ता भरावयास दिला असता तर त्यांनीं काय भरलें असतें तें सांगावयास नको. आणि तरीहि औषधावर सर्वांत अधिक विश्वास असलेले रोगी तेच होते, कारण ज्याला गोळीचा भरंवसा नाहीं तो तिच्यासाठीं बेचाळीस दिवस बसत नाहीं.

त्याच वर्षाच्या २३ सप्टेंबरला नगर ते आष्टी आगगाडी सुरू झाली व कड्याला स्टेशन आलें. २०२५ च्या १७ सप्टेंबरला ती बीडपर्यंत गेली. केंद्रावर जाणें त्यामुळें सोपें झालें. पण दसऱ्यानंतर ज्यांचा पत्ता फडावरच्या कोपीचा असतो त्यांच्या उपयोगाची गाडी ही नव्हे; त्यांना हवी ती हंगामभराची पुडी. साठा दिल्लींत पुरेसा असला आणि हातीं दहा दिवसांच्या गोळ्या पडल्या, तर कोयत्याच्या हिशेबांत ते महिन्याला तीन खाडे होतात.